थंड खोलीचा शेवटचा तक्ता

१२ एप्रिल, सोमवार

आज छत चढलं. चारही भिंती उभ्या आहेत, दार बसलंय. आतल्या समुद्राच्या बाजूचा शेवटचा तक्ता मात्र मी नुसता खाचेत बसवून ठेवला. तक्ते आवळणारे आकडे फिरवले नाहीत. ते काम तावीताचं, माझ्या धाकट्या भावाचं.

हे तक्ते एकट्याने लागत नाहीत. दोन पत्र्यांच्या मध्ये घट्ट फेस भरलेला असतो. वजनाला हलके, पण स्वभावाने अडेल. एकाने आत उभं राहून किल्लीने आकडा फिरवायचा, दुसऱ्याने बाहेरून खांदा लावून रेटायचं. आतला मी आणि बाहेरचा तावीता, असं आमचं ठरलेलं. मी इतकी वर्षं परक्या जहाजांवर थंड खोल्याच सांभाळल्या, पण आपल्या बेटावर अशी खोली हवी, मासे इथेच गोठवून विकायचे, हे डोकं त्याचं. धाकटा असून अंगाने माझ्या दुप्पट आहे.

जानेवारीत पश्चिमेचा वारा सुटला तेव्हा तो बाहेरच्या समुद्रात मासेमारीला गेला होता. इंजिन बंद पडलं असणार. विमान येऊन शोधून गेलं, बोटी फिरून आल्या. आमच्याकडची माणसं अशी वाहत जातात आणि मार्शल बेटांच्या बाजूला कुठेतरी निघतात. एक जण तर वर्ष उलटत आल्यावर परतला, तोही जाड होऊन. परक्यांनी चांगलं खायला घातलं होतं म्हणे.

बाकीच्या तक्त्यांना गावातल्यांनी जोर लावला, तो मी घेतला. शेवटच्याला कोणालाही हात लावू देणार नाही.

संध्याकाळी तेकाई आजोबा मनेआबातून, गावच्या सभाघरातून, उठून बघायला आले. गावच्या बैठकीत त्यांचा शब्द शेवटचा असतो. काठीने भिंत ठोकून म्हणाले, "ही पेटी बंद कधी होणार?"

"होईल की."

"जून लागला की राजधानीहून, तारावाहून बोट येईल, यंत्र चालू करणारा माणूस घेऊन. खोली उघडी दिसली तर यंत्र उचलून पुढच्या बेटावर नेतील. ते काय तुझी वाट बघत बसणार नाहीत."

"आजोबा, जूनला वेळ आहे."

म्हातारा माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. डोळ्यांनी अधू झालाय, म्हणून असेल.

१४ एप्रिल

आज एक गंमत झाली. सांध्यांतून उजेड येतो का ते बघायला मी आत जाऊन दार लावून घेतलं. उजेडाची रेघ दिसली की समजायचं, तिथे लेप कमी पडलाय. डोळे अंधाराला सरावायची वाट बघत उभा होतो, आणि एकदम काहीतरी हरवल्यासारखं वाटलं. काय ते कळेना. मग लक्षात आलं, समुद्र नाहीये.

आमचं बेट म्हणजे वाळूची एक पट्टी. इकडे प्रवाळाने वेढलेला आतला समुद्र, तिकडे बाहेरचा. जन्मल्यापासून तो आवाज कानात आहे. जहाजावर तर इंजिनाची घरघर झोपेतही थांबायची नाही. मला वाटलं मी बहिरा झालो. टाळी वाजवली, ती ऐकू आली. मग कोणीतरी बाहेरून हलकेच ठोकतंय असं वाटलं. "कोण आहे?" म्हणून विचारलंही. ते माझंच काळीज होतं.

तसाच जमिनीवर आडवा झालो आणि झोपलो. स्वप्नात तावीता आला. त्याने दार उघडलं नाही, तरी आत होता. माझ्या बाजूला बसून त्याने विचारलं, "जेवलास का?" मी म्हटलं, "तू?" तो हसला. जागा झालो तेव्हा बाहेर ऊन माथ्यावर होतं आणि वाळू इतकी पांढरी की मी अजून स्वप्नातच आहे असं वाटत होतं.

स्वप्नात त्याचे कपडे कोरडे होते. चांगलं लक्षण आहे.

१६ एप्रिल

आई भात आणि भाजलेला मासा घेऊन आली. बारीक झाली आहे. जानेवारीपासून ती झोपायच्या मचाणावर नीट आडवी होत नाही. बाहेरच्या समुद्राकडे तोंड करून बसून राहते. काय ऐकतेस म्हटलं तर म्हणते, काही नाही.

मी तिला खोली दाखवली. "आत जाऊन बघ, मजा येते," म्हटलं आणि दार लावलं. बराच वेळ झाला, ती बाहेर येईना. घाबरून दार उघडलं, तर आई कोपऱ्यात अंगाची मुटकुळी करून गाढ झोपलेली. खाली चटईही नाही. मी दार परत ओढून घेतलं.

यंत्र नसतानाही आत गार वाटत असणार. म्हातारं माणूस, उन्हाने थकतं.

ऊन उतरल्यावर उठली. चेहरा सुजला होता, पण ओळखीचा वाटत होता. "किती झोपले रे मी?"

"दुपार गेली तुझी."

"कोणी बोलावलं नाही मला," ती म्हणाली.

"कोण बोलावणार? कोणी आलंच नाही," मी म्हटलं. तिने माझ्या गालावर हात ठेवला. मासा थंड झाला होता, तो दोघांनी खाल्ला.

२५ एप्रिल, रविवार

आई आता रोज दुपारी चटई काखेत मारून येते, आत जाते आणि झोपते. मी बाहेर सावलीत बसून सांध्यांना लेप लावतो. मला हे दिवस आवडतात. वारा पडलेला असतो, आतला समुद्र हलतही नाही, आणि भिंतीपलीकडे आई झोपलेली असते. असं वाटतं की आम्ही सगळे घरी आहोत, एक जण तेवढा जरा बाहेर गेलाय.

तीन तक्ते जादा आले होते, ते संपले. बुबुतीत गेले. आमच्याकडे नात्यातलं कोणी समोर येऊन बसलं आणि "मी बुबुती करतो" म्हणालं की मागितलेली वस्तू द्यायची. होडी असो, सायकल असो, अंगातला सदरा असो. नाही म्हणणारा माणूस गावात तोंड वर करून फिरू शकत नाही. एका तक्त्याचं चर्चमध्ये टेबल झालं. एक मामेभावाच्या बिछान्याखाली गेला. तिसरा पोरांनी नेला, कारण त्यांना शोध लागलाय की तो तरंगतो. दुपारभर आतल्या समुद्रात पांढऱ्या तक्त्यावर चार-पाच काळी डोकी फिरत असतात. जहाजावर असतो तर अशा नासाडीवर संतापलो असतो. इथे नुसता बघत बसतो.

७ मे

रिबेता मावशी आली. आईची धाकटी बहीण, तोंडाने फाटकी.

"काय रे बिरिबो, लग्न केलं नाहीस, पोरं नाहीत, आणि घरं कसली बांधतोस? माशांसाठी!"

"मासे भांडत नाहीत, मावशी."

"वास मात्र मारतात. बरं ऐक, माझं चुलीवरचं छप्पर पार सडलंय. काल तव्यात पाऊस पडला. तो कडेचा तक्ता तू नुसताच अडकवून ठेवलायस ना? महिना झाला, तसाच आहे. मी बुबुती करते. तो मला दे."

तो जादा तक्ता नाही, ती भिंत आहे, हे मला सांगता आलं असतं. गावाच्या कामाची वस्तू मागू नये हे तिलाही कळतं, नुसतं समजावलं असतं तरी ती उठून गेली असती. पण माझ्या तोंडून लगेच निघालं, "ने."

तीच गडबडली. "अरे, लागणार असेल तर सांग. मला वाटलं उरलाय."

"बुबुती केलीस ना? मग ने. मी काही नाही म्हणणारा माणूस नव्हे."

"बोट यायचीये रे जूनला..."

"मावशी, ने म्हटलं ना!"

मीच तिला तो घरापर्यंत पोचवून दिला, चुलीवर बसवूनही दिला. परत येताना अंग हलकं वाटत होतं. रीत ती रीत. मी तरी काय करणार? आता दुसरा तक्ता मागवायचा तर किती महिने लागतील कोण जाणे. तोवर तावीता येईलच.

८ मे

आई नेहमीसारखी आली आणि दारातच थांबली. समोरच्या फटीतून आतला समुद्र लखलखत होता.

"तक्ता कुठे गेला?"

मी सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग खोलीच्या मधोमध उभी राहून तिने कान दिला. आतल्या समुद्राला फारसा आवाज नसतो, पण बाहेरच्या समुद्राची गाज बेट ओलांडून येते आणि त्या फटीतून आत शिरते.

"आत आला तो," आई म्हणाली.

"कोण?"

तिने चटई गुंडाळली आणि गेली. मी मागून ओरडलो की माडाच्या झावळ्यांची छान ताटी करून लावतो, ऊन येणार नाही. तिने वळून पाहिलं नाही. एका तक्त्यासाठी इतकं रागवायचं? रात्रीचं जेवलीही नाही.

१५ मे

आई पुन्हा मचाणावर बसून असते. डोळ्यांखाली काळं झालंय.

खोलीतही बिघाड सुरू झाला. पहाटे आतल्या पत्र्यावर पाण्याचे थेंब दिसतात, कोपऱ्यात बुरशीचे ठिपके आलेत. आमच्या हवेत ओलावा इतका की मीठसुद्धा दोन दिवसांत ओघळतं. ओलावा नेहमी उबेकडून गारव्याकडे धावतो, आणि तक्त्यातल्या फेसात एकदा शिरला की यंत्र आयुष्यभर त्या पाण्याचाच बर्फ करत बसतं. म्हणून लेप बाहेरून लावतात. मी तो अगदी जीव लावून लावलाय. पण एवढी मोठी फट असताना त्याचा उपयोग शून्य, हे मला कळतं.

तेकाई आजोबा आले आणि फटीतूनच आत शिरले. दार असताना.

"रिबेताकडून परत माग."

"दिलेली वस्तू परत कशी मागू?"

"बुबुती कर. तीही मावशीच आहे तुझी."

"लाज वाटते."

"लाज!" म्हातारा चिडला. "बोट आली आणि गेली तर आख्ख्या गावाचे मासे पुढची दहा वर्षं उन्हात वाळतील, त्याची नाही वाटत?" मग खाली वाळूवर बसला आणि आवाज उतरवून म्हणाला, "बिरिबो, थोरला तू आहेस. तू मनेआबात उभा राहून सांगितल्याशिवाय तुझ्या घरात रडायला कोणाला बसता येत नाही. तुझ्या आईला बसता येत नाही. हे कळतंय ना तुला?"

"सांगण्यासारखं काही झालेलं नाही, आजोबा."

"बरं," ते म्हणाले. उठताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला. वय झालंय त्यांचं.

२३ मे, रविवार

हे लिहू की नको असं झालंय, पण लिहितो.

चर्चनंतर खोलीत फटीजवळ बसलो होतो. दुपारची वेळ, सगळं गाव झोपलेलं. पाणी आणि आकाश एकाच रंगाचं झालं होतं, मधली रेघच पुसली गेली होती. त्या रंगात दूर काहीतरी पांढरं दिसलं. लांबट. वर एक माणूस बसलेला, खांदे रुंद. हळूहळू इकडेच येत होता.

मी उठलो आणि पाण्यात शिरलो. गुडघाभर, मग कमरेभर. मी हाका मारत होतो. काय म्हणत होतो ते आठवत नाही. पाणी कोमट होतं आणि पाय जमिनीला लागत नाहीत असं वाटत होतं. मला इतका आनंद कधीच झाला नव्हता. पाणी गळ्याशी आलं तेव्हा तो तक्ता जवळ आला आणि त्यावर पोरं होती. एकमेकांना चिकटून बसलेली.

पोरं हसली नाहीत. हसली असती तर बरं झालं असतं. त्यांनी तक्ता माझ्याजवळ आणला आणि म्हणाली, "काका, धरा." मी कडेला धरलं आणि त्यांनी पाय मारत मारत मला किनाऱ्याला आणलं.

ऊन फार होतं. उन्हात माणसाला काहीही दिसतं.

आई वर माडाखाली उभी होती. तिने सगळं पाहिलं असावं.

३१ मे

सकाळी रेडिओवर कळलं, बोट तारावाहून निघाली. मी लेपाच्या नळ्या आवरून ठेवत होतो. यंत्र नेतील तर नेऊ देत, अशी मनाची तयारी केली होती. खरं सांगायचं तर बरंच वाटत होतं.

दुपारी वाटेने बायका येताना दिसल्या. डोक्यावर तक्ता. पुढे आई, मागे रिबेता मावशी, आणखी चार-पाच जणी. चुलीच्या धुराने तक्त्याची एक बाजू पिवळी पडली होती.

"तुझ्या आईने बुबुती केली," मावशी धापा टाकत म्हणाली. "तिला कोण नाही म्हणणार? आता माझ्या तव्यात पाऊस पडला तर तुझ्या डोक्यावर भाकऱ्या भाजीन, सांगून ठेवते."

त्यांनी तक्ता आणून फटीत उभा केला. मी म्हटलं, "छान झालं. तावीता आला की..."

मावशीने तोंड फिरवलं. आई मात्र माझ्यासमोर वाळूवर बसली, मनेआबात बसतात तशी मांडी घालून, पाठ ताठ. मलाही बसावं लागलं.

"बिरिबो, मी बुबुती करते."

"काय हवंय आई? तू नुसतं सांग. झोपायला खोली हवी तर खोली घे. मी गावाला समजावतो."

"तावीता दे."

मला वाटलं तिला उन्हाने भोवळ आलीये. "आई, तो माझ्याकडे कुठे आहे?"

"तुझ्याचकडे आहे," ती म्हणाली. "जानेवारीपासून तू त्याला धरून बसलायस. कोणाला हात लावू देत नाहीस. समुद्र मला रोज सांगतो की पोर गेलं, आणि तू सांगतोस की येईल. मी दोघांच्या मध्ये जागी बसते. माझं पोर आहे ते. मी त्याला पाजलंय. मला रडायचंय रे त्याच्यासाठी. दे मला तो."

माझ्या डोक्यात मार्शल आलं, जाड होऊन परतलेला तो माणूस आला, कोरडे कपडे आले. सगळं तोंडापर्यंत आलं आणि तिथेच राहिलं. समोर आई हात पसरून बसली होती. तिचे हात इतके लहान आहेत हे मी कधी पाहिलंच नव्हतं. आयुष्यात मी कोणाच्या बुबुतीला नाही म्हटलेलं नाही. लहानपणी नवी होडी दिली, पहिल्या पगाराचं घड्याळ दिलं, परवा भिंतसुद्धा दिली. आणि हिला काय सांगणार होतो?

"घे," मी म्हटलं.

आवाज निघाला की नाही कोण जाणे, पण तिला कळलं. तिने डोळे मिटले. मग उठून तक्त्याजवळ गेली आणि बायकांना म्हणाली, "या गं, खांदा लावा. हा आत जाऊन आकडे फिरवेल."

मी किल्ली घेऊन आत गेलो आणि दार लावलं. फटीच्या कडेने अजून उजेड येत होता. बाहेरून मावशीचा आवाज आला, "हं, एकदम!" आणि त्यांनी रेटलं. वरचा आकडा फिरला. मधला फिरला. खालचा जरा अडला, मी गुडघ्यावर बसून किल्लीला लोंबकळलो, त्यांनी पुन्हा रेटलं, आणि तोही बसला. उजेडाची रेघ गेली. समुद्र गेला. बायकांचा आवाज गेला.

बाहेरून जाऊन लेप लावायला हवा होता, ओला असेपर्यंत बोटाने दाबायला हवा होता. पण मी तिथेच बसून राहिलो. वाटलं, आता तो येऊन बाजूला बसेल आणि जेवलास का म्हणून विचारेल. खूप वेळ वाट पाहिली. कोणी आलं नाही. मग मी म्हटलं, "तावीता बुडाला." मोठ्याने म्हटलं. एवढ्या महिन्यांत हे शब्द मी एकदाही उच्चारले नव्हते, या वहीतही लिहिले नव्हते. त्या अंधारात ते माझ्याच तोंडून निघाले आणि माझ्याच कानांत शिरले, जाणार तरी कुठे?

मला वाटलं, बायका एव्हाना घरी गेल्या असतील. मी दार ढकललं.

त्या सगळ्या वाळूवर बसलेल्या होत्या आणि रडत होत्या. मोठ्याने, छाती बडवून. गावातून आणखी बायका पळत येत होत्या. मधे आई होती, तोंड वर करून, आणि तिच्या गळ्यातून असा आवाज येत होता की पलीकडचा समुद्र त्यात बुडून गेला. तक्ता बसल्यापासून त्या रडत होत्या आणि मला आत त्यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं.

मी जाऊन आईजवळ बसलो. तिने माझं डोकं मांडीवर ओढून घेतलं आणि रडायची थांबली नाही. मग मीही रडलो.

लेप संध्याकाळी मावशीने आणि मी लावला. आता मनेआबात दिवे लागलेत, म्हातारे येऊन बसलेत. मी अंघोळ करून सदरा बदललाय. जाऊन उभा राहतो आणि सांगतो.